मिनिटभर श्वास मोजण्याची कुळकथा

भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीत बाळाचा श्वास कानाने मोजायची सोय नाही. भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट चालूच असतो. त्यामुळे घरभेटीला आलेली आशाताई किंवा एएनएम सिस्टर बाळाचं झबलं वर करते, पोटावर नजर ठेवते आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजते. पोट वर येऊन खाली गेलं की एक. बाळ रडत असेल किंवा अंगावर पीत असेल तर थांबायचं. २०२२च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा या मोजणीचं मोल वाढलं. कारण गोवर झालेली लहान मुलं दगावतात ती बहुतेकदा न्यूमोनियाने.

हे मिनिट रुग्णाच्या उशाशी आलं ते नाडीसाठी. इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरने १७०७ साली मिनिटभर चालणाऱ्या घड्याळावर नाडी मोजायची पद्धत पुस्तकात मांडली. पुढे लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांचा ताप नोंदवून १८६८ साली ग्रंथ लिहिला, आणि तापाचा आलेख रुग्णालयांत रुळला. दिवसातून अनेकदा, प्रत्येक खाटेपाशी जाऊन हे सगळं मोजणार कोण? काम परिचारिकांकडे आलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९च्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरणच लिहिलं होतं. ताप, नाडी, श्वास या तिघांचा ‘टीपीआर’ तक्ता आजही वॉर्डात त्याच नावाने चालतो.

या तिघांत श्वास कायम मागे पडला. तापाला थर्मामीटर आहे, नाडी बोटाला लागते. श्वासासाठी फक्त डोळा आणि सवड लागते. शिवाय आपला श्वास मोजतायत हे कळलं की रुग्णाचा श्वास बदलतो. म्हणून जुन्या सिस्टर नव्या मुलींना एक युक्ती शिकवतात : नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर मात्र छातीवर न्यायची. पण हे सगळं करून आलेला आकडा तक्त्यात जायचा. त्याचा अर्थ लावायचा तो डॉक्टरांनी, राउंडला आल्यावर.

जिथे राउंडच नव्हता, तिथे ही घडी मोडली. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात बहुतेक ठिकाणी ना एक्स-रे होता ना डॉक्टर. तिथे काम करणाऱ्या फ्रँक शॅन यांनी १९८४ साली दाखवून दिलं की खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला ५०च्या वर गेला, तर स्टेथोस्कोप नसतानाही न्यूमोनिया ओळखता येतो. १९८८ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी वयानुसार फरक करायला हवा हे दाखवलं. त्यातून आजच्या मर्यादा ठरल्या : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. आकड्याला मर्यादा मिळाली आणि मोजणाऱ्याला पहिल्यांदाच निर्णय घेता आला.

त्याची खरी कसोटी महाराष्ट्रात लागली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातले आरोग्यसेवक आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. अक्षरओळख नसलेल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजणं अवघड, म्हणून मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी यांचं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबड्या मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निकाल आले. या मंडळींनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होतं.

तिथून सरकारी नियम हळूहळू बदलत गेले. २०११पासून नवजात बाळांसाठी आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. रुग्णालयात नेणं शक्य नसेल तर जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्याची मुभा २०१४ साली एएनएमना मिळाली. मोजण्याचं काम सिस्टरांकडे येऊन शतक उलटलं होतं. ठरवण्याचा अधिकार मात्र असा हप्त्याहप्त्याने आला.

आणि तो नुसत्या आकड्यावर चालवता येत नाही. नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित. मध्येच क्षणभर थांबतो, मग भराभर चालतो. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेलं चालत नाही. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मिनिटभर मोजायचं. तापानेही श्वास वाढतो. बरगड्यांखालची छाती आत ओढली जातेय का, बाळ दूध ओढतंय का, नेहमीपेक्षा मलूल आहे का, हे पाहूनच घरी औषध की रुग्णालय हे ठरतं. दूध सोडलेल्या तान्ह्या बाळाचे श्वास ५४ भरले, म्हणजे मर्यादेच्या आत, तरी शहाणी सिस्टर त्याला घरी ठेवत नाही.