न उडणारं विमान

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या, नुसतं ऐकलं तरी चालेल.

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात हवाई दलाच्या चित्ररथावर उभ्या असलेल्या महिला वैमानिक तुमच्यापैकी अनेकींनी टीव्हीवर पाहिल्या असतील. लढाऊ विमान चालवणाऱ्या या मुली. त्यातल्या बऱ्याच लढाऊ विमानांत खुर्ची एकच असते. आता विचार करा. सायकल शिकताना मागचं कॅरिअर धरून कुणीतरी धावतं. ट्रॅक्टर शिकताना शेजारी मडगार्डवर कुणीतरी बसतं. मग एका खुर्चीच्या विमानात शिकवणारा बसणार कुठे? आणि पहिलीच चूक जिवावर बेतणारी असेल, तर शिकायचं कसं?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सिम्युलेटर. विमानासारखंच सगळं, पण जमिनीला खिळलेलं. आज आपण या न उडणाऱ्या विमानाची गोष्ट ऐकणार आहोत. या गोष्टीत बायका जागोजागी भेटतात.

गोष्ट सुरू होते एका वाजंत्रीच्या कारखान्यात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचं गाव आहे. तिथे लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गन म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचाच मोठा भाऊ. भात्यातून हवा जाते आणि सूर निघतो. या घरातल्या एडविन लिंकला विमान शिकायची हौस होती, पण शिकवणी फार महाग. त्यानं १९२९ साली कारखान्यातलेच भाते आणि पंप वापरून एक छोटं लाकडी विमान बनवलं. आतल्या माणसानं दांडा हलवला की भात्यांत हवा कमी-जास्त व्हायची आणि खोकं डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे कलायचं.

सैन्यानं सुरुवातीला त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते खोकं विकत घेतलं जत्रेतल्या खेळवाल्यांनी. पोरं पैसे देऊन त्यात बसायची, आपण पाळण्यात बसतो तशी.

मग १९३४ साल आलं. अमेरिकेच्या सरकारनं टपाल विमानानं पोचवायचं काम एकाएकी सैन्याच्या वैमानिकांवर सोपवलं. दिवस थंडीचे होते, धुकं आणि बर्फ होतं, शिवाय रात्रीची उड्डाणं. काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक मेले. ते भित्रे नव्हते की आळशी नव्हते. ढगात शिरल्यावर काय करायचं, हे त्यांना पुरेसं कुणी शिकवलंच नव्हतं.

ढगात काय होतं, हे कळायला आपल्याला विमानात बसायची गरज नाही. डोळे मिटून फुगडी घाला आणि एकदम थांबा. पाय जमिनीवर टेकलेले असतात, पण अंगण फिरतच राहतं. आपल्या कानाच्या आत बारीक नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. त्याच्या हलण्यावरून शरीराला तोल कळतो. आपण थांबलो तरी तो द्रव लगेच थांबत नाही आणि मेंदू फसतो. ढगात किंवा काळोख्या रात्री जमीन दिसत नाही, तेव्हा वैमानिकाचं असंच होतं. विमान एका कुशीवर कलून खाली चाललेलं असतं आणि त्याला वाटतं आपण सरळच चाललो आहोत. अशा वेळी स्वतःच्या अंगाला जे वाटतं ते बाजूला ठेवून समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो. सांगायला हे सोपं आहे. अंगवळणी पडायला मात्र सराव लागतो, आणि तो जमिनीवर करता आला तर जीव वाचतो. त्याच साली सैन्यानं लिंकची सहा खोकी विकत घेतली.

दुसरा धडा पुढच्याच वर्षी मिळाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायो राज्यात बोइंग कंपनीचं एक नवं, मोठं, चार इंजिनांचं विमान सैन्याला दाखवायला आणलं होतं. चालवणारा माणूस अत्यंत अनुभवी. विमान उडालं, सरळ वर चढत गेलं आणि कोसळलं. दोघांचा जीव गेला. चौकशीत कळलं की यंत्रात बिघाड काहीच नव्हता. विमान उभं असताना शेपटीचे पंखे वाऱ्यानं हलू नयेत म्हणून एक खीळ लावलेली असते. ती काढायची राहिली होती.

एवढ्या जाणत्या माणसाच्या हातून हे झालं, म्हणजे प्रश्न हुशारीचा नव्हता. कामंच इतकी होती की एकट्या डोक्यात मावत नव्हती. मग वैमानिकांनी कामांची यादी केली. उडण्याआधी काय बघायचं, उडताना काय, उतरताना काय, हे एका कागदावर क्रमानं लिहिलं. वैमानिक कितीही जुना असो, यादी बघूनच पुढे जायचं. तीच पद्धत आज जगभर चालते.

दुसऱ्या महायुद्धात लिंकची सुमारे दहा हजार खोकी तयार झाली आणि लाखो वैमानिक त्यांवर शिकले. पण शिकवायला माणसं कुठून आणायची? पुरुष तर लढाईवर. तेव्हा अमेरिकेच्या नौदलानं बायकांना बोलावलं. १९४२ साली नौदलात बायकांची शाखा सुरू झाली आणि त्यातल्या अनेकींना अटलांटा इथल्या विमानतळावर या खोक्यावर शिकवण्याचं शिक्षण दिलं गेलं. वैमानिक खोक्यात बसायचा, वरून झाकण बंद. बाहेर टेबलाशी या बाई बसायच्या, कानाला हेडफोन, समोर नकाशा. त्या नकाशावर चाकांचं एक छोटं यंत्र शाईनं रेघ ओढत फिरायचं. वैमानिक कुठे भरकटला, ते बाईंना त्या रेघेवरून दिसायचं.

पण जिनं वैमानिकाला ढगातून वाट काढायला शिकवलं, तिला स्वतःला नौदलाचं विमान चालवायची परवानगी नव्हती. अमेरिकेच्या नौदलात पहिली महिला वैमानिक झाली १९७४ साली. आणि लढाऊ विमानं अमेरिकेतल्या बायकांच्या हाती आली ती १९९३ साली. बाईला जमत नाही, असं म्हणायला त्या टेबलाशी जागाच नव्हती. तरी दार उघडायला अर्धं शतक गेलं.

आता आजच्या लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरमध्ये डोकावू या. आत खुर्ची, दांडा, बटणं, काटे, सगळं खऱ्या विमानासारखं. समोर पडद्यावर धावपट्टी आणि आकाश. वैमानिक बसली की पट्टे आवळते, प्राणवायूची नळी जोडते. मग डावीकडून सुरू करून उजवीकडे, ठरलेल्या क्रमानं एकेक कळ तपासते. खुर्चीखाली रॉकेट असतं, संकटात वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणारं. जमिनीवर चुकून ते उडू नये म्हणून पिना लावलेल्या असतात. उडण्याआधी त्या निघाल्या का, हे पाहायचं. वरची काच बंद होऊन कुलूप लागलं का, हे पाहायचं. इंजिन सुरू करताना त्याचे फेरे आणि उष्णता दाखवणारे काटे ठरलेल्या हद्दीत आहेत का, यावर नजर ठेवायची. उतरताना तिन्ही चाकं खाली आली की तीन हिरवे दिवे लागतात. तीन म्हणजे तीनच. दोन लागले तर उतरायचं नाही.

बाहेर शिक्षक बसलेला असतो. त्याच्या हातात संकटं असतात. तो एक बटण दाबतो आणि पडद्यावरच्या विमानाचं इंजिन बंद पडतं. दुसरं दाबतो, आगीचा लाल दिवा पेटतो. अशा वेळी यादी चाळायला वेळ नसतो, म्हणून त्या मोजक्या पायऱ्या आधीच तोंडपाठ करून घेतलेल्या असतात. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा बघायची, मग बोलायचं. इंजिन पुन्हा सुरू होतं का, ते बघायचं. पण अमुक उंचीच्या खाली आलो तर प्रयत्न सोडून उडी मारायची, हे जमिनीवर असतानाच ठरलेलं असतं. पडद्यावरचं विमान आपटलं तर पडदा थांबतो. सगळं पुन्हा दाखवलं जातं, कुठे हात चुकला ते बघितलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

सिम्युलेटरनं सगळंच शिकवून होत नाही. खऱ्या लढाऊ विमानात जोरात वळताना शरीर कित्येक पटींनी जड होतं. ते ओझं जमिनीवरची खुर्ची देऊ शकत नाही. म्हणून सिम्युलेटरबरोबर शिकवणीचं चांगलं विमानही लागतं. आणि इथेच आपल्या देशाची दुखरी गोष्ट येते.

मिग-२१ हे लढाऊ विमान आपल्या हवाई दलात १९६३ साली आलं. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ही विमानं बनली. त्या विमानानं देशाची मोठी सेवा केली, पण उतरतानाही त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. शिकाऊ मुलं संथ विमानावरून एकदम या वेगवान विमानावर जायची. मधली पायरीच नव्हती. ती पायरी हवी, असं १९८०च्या दशकापासून सांगितलं जात होतं. हॉक नावाचं शिकवणीचं जेट विमान प्रत्यक्ष आलं २००८ साली. तोवर शेकडो मिग विमानं कोसळली होती आणि दीडशेच्या वर वैमानिक गेले होते. प्रत्येक अपघाताचं कारण एकच नव्हतं, पण शिक्षणातली ही उणीव सगळ्यांना ठाऊक होती.

त्यांतला एक होता पुण्याच्या कविता गाडगीळ यांचा मुलगा, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात त्याचं मिग-२१ कोसळलं. कविताताई आणि त्यांचे पती अनिल गाडगीळ गप्प बसले नाहीत. आपली मुलं नीट शिकवून, धड विमानात पाठवा, असं त्या आईनं उघडपणे मागितलं, वर्षानुवर्षं मागितलं. पुढे या दोघांनी पुण्यात ‘जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट’ ही संस्था काढली. तिथे सिम्युलेटरवर विमान चालवण्याचं शिक्षण दिलं जातं. गेलेलं लेकरू परत येत नाही. दुसऱ्याचं वाचावं म्हणून त्यांनी न उडणारं विमान उभं केलं.

१८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या तिघी भारताच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. मध्य प्रदेश, बिहार आणि राजस्थानातल्या या मुली. महाराष्ट्राच्या सीमेलगत बिदरला हॉक विमानावर त्या शिकल्या. मधली पायरी आता होती. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी जामनगरहून अवनीनं मिग-२१ एकटीनं उडवलं आणि सुखरूप उतरवलं. तिचं धाडस मोठंच. त्या धाडसाखाली पाठ केलेल्या पायऱ्यांची जोत्याची दगडं होती आणि त्यांतली बरीच कुणाच्या ना कुणाच्या मरणानंतर बसवलेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं. त्याच्या अपघातांनी शिकवलेलं मात्र निवृत्त होऊन चालणार नाही.

मैत्रिणींनो, विमान आपल्या अंगणात येणार नाही, पण गॅसची टाकी आलेली आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. समजा, घरात गॅसचा वास आला. विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही. जळती चूल, देवाजवळचा दिवा विझवायचा. रेग्युलेटर बंद करायचा. दारं-खिडक्या उघडायच्या. पोरांना घेऊन बाहेर जायचं आणि बाहेरून १९०६ क्रमांकावर फोन करायचा. नुसतं वाचू नका. एकीनं उठून हातानं करून दाखवा, बाकीच्यांनी चूक पकडा. जुन्या काळी वैमानिकांना डोळ्यांवर पट्टी बांधून कळा शोधायला लावत. आपल्यातल्या एकीलाही तसंच रेग्युलेटरपर्यंत पोचता येतंय का, ते बघा. चुकली तर हसा आणि पुन्हा करा. बैठकीत चुकलेलं चालतं.