गिनी आणि पौंड

मानधन आणि मजुरी या शब्दांत जे अंतर आहे, तेच एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये गिनी आणि पौंड यांत होते. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंड म्हणजे २०. गिनीचे नाणे केव्हाच चलनातून गेले होते. तरी डॉक्टर, बॅरिस्टर, चित्रकार यांचा मोबदला गिनीतच मोजला जाई, दुकानदाराचे बिल मात्र पौंडांत.

चित्रकार व्हिसलर याने १८७६-७७ मध्ये जहाजमालक फ्रेडरिक लेलँड याच्या लंडनमधील घराचे भोजनगृह रंगवले आणि २००० गिनी मागितल्या. लेलँडने निम्मेच मान्य केले आणि तेही पौंडांत चुकते केले. ५० पौंडांची ही जास्तीची काटछाट व्हिसलरच्या जिव्हारी लागली. त्याने त्याच भिंतीवर झुंजणारे दोन मोर रंगवले. एकाच्या पायाशी नाणी विखुरलेली आहेत.

लेलँडची बाजू अगदीच लंगडी नव्हती. त्याने किरकोळ बदल सांगितले होते. त्याच्या गैरहजेरीत काम वाढत गेले आणि दर आधी ठरलाच नव्हता. रक्कम कमी करण्याला म्हणून काही आधार होता. गिनीचा पौंड करण्याला कोणता होता?

१८७९ मध्ये व्हिसलरचे दिवाळे निघाले, तेव्हा धनकोंमध्ये लेलँडही होता. ते दालन आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे, मोरांसकट.