चाळीस टक्के चांदी

नाणे वाजवून घ्यावे, असे आपले जुने लोक सांगत. अमेरिकेचा १९६५ ते १९७० या वर्षांतला अर्धा डॉलर मात्र कडेवरून ओळखावा लागतो.

केनेडींची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ ची. त्यांची छबी नाण्यावर आणायचे ठरले, तेव्हा पाव डॉलरवरून वॉशिंग्टन हटू नयेत म्हणून जॅकलीन केनेडींनी अर्धा डॉलर पसंत केला. मार्च १९६४ मध्ये लोकांनी रांगा लावून तो घरी नेला. त्यात ९० टक्के चांदी होती. पण माझ्या मते तो आधी जपला गेला तो माणसासाठी. चांदीचा हिशेब मागून आला.

चांदी महागत होती. नाण्यातला धातू नाण्यालाच भारी पडू लागला, की नाणे बाजारातून नाहीसे होते. आपल्याकडेही इंग्रज सरकारने १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया काढला. अमेरिकेत अध्यक्ष जॉन्सन यांनी २३ जुलै १९६५ रोजी नव्या कायद्यावर सही केली. दहा आणि पंचवीस सेंटमधली चांदी गेली, अर्ध्या डॉलरमध्ये ४० टक्के उरली. नाणी साठवून फायदा होणार नाही, असेही त्यांनी बजावले. ऐकतो कोण!

हे नाणे म्हणजे तीन थर. वरचे दोन ८० टक्के चांदीचे, मधला गाभा बहुतेक तांब्याचा, त्यात सुमारे २१ टक्के चांदी. वजन ११.५ ग्रॅम, पैकी चांदी ४.६ ग्रॅम. १९६४ च्या नाण्यात ती ११.२५ ग्रॅम होती. १९७१ पासूनच्या साध्या नाण्याच्या कडेवर तांब्याची लाल रेघ ठसठशीत दिसते; चाळीस टक्केवाल्याची कड फिकट असते.

वापरून झिजलेल्या नाण्याचे मोल काढायला सराफी हिशेब पुरतो: त्या दिवसाचा चांदीचा दर गुणिले ४.६. अपवाद १९७० चा, डेन्व्हर टाकसाळीचे ‘डी’ अक्षर असलेल्या नाण्याचा. ते साडेएकवीस लाखच निघाले, तेही फक्त संग्राहकांच्या संचांतून. म्हणून त्याला धातूपेक्षा चांगला भाव मिळतो.

१९७१ मध्ये चांदी पुरती गेली. आता हे नाणे दडवायला कारण उरले नव्हते, पण तोवर ते खर्चायची सवयच मोडली होती. २००२ पासून २०२० पर्यंत तर टाकसाळीने ते केवळ संग्राहकांसाठी पाडले.