सेवाग्रामच्या साइक्सबाई

परदेशातून येऊन आपल्या मुलांस शिकविणाऱ्या शिक्षकांची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. १८२७ साली सिंथिया फरार या अमेरिकन बाई मुंबईस उतरल्या आणि पुढे अहमदनगरास त्यांनी मुलींच्या शिक्षणास वाहून घेतले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे पाठ त्यांच्याजवळ घेतले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. बंगालात १८९८ साली भगिनी निवेदितांनी कलकत्त्याच्या बागबाजारात मुलींची शाळा उघडली. असे शिक्षक येताना स्वदेशाहून काही ना काही देण्यासाठी घेऊन येत. कोणी धर्म, कोणी भाषा, कोणी नवे शास्त्र. परंतु वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम या खेड्यात एक इंग्रज शिक्षिका दहा वर्षे राहिल्या, तेव्हा त्यांच्या विलायती विद्येस तेथे फारशी मागणी नव्हती. शिक्षकाने प्रथम झाडू, फावडे आणि टकळी हाती घ्यावी, मग मुलांपुढे उभे राहावे, असा त्या शाळेचा दंडक होता. या शिक्षिकेचे नाव मार्जरी साइक्स.

त्यांची हकीकत समजण्यास ते स्थळ आणि ती शिक्षणपद्धती यांची थोडी ओळख हवी. वर्ध्यापासून सुमारे पाच मैलांवर सेगाव नावाचे लहानसे खेडे होते व त्याची मालगुजारी जमनालाल बजाज यांजकडे होती. १९३६ च्या एप्रिलअखेरीस गांधीजी तेथे राहावयास गेले. झोपडीस शंभर रुपयांहून अधिक खर्च होता कामा नये आणि सामान आसपासचेच असावे, अशी त्यांची अट होती. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावाशी नामसाम्य असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. गावाचे हवामान पाहुण्याची परीक्षा पाहणारे होते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर बैलगाडीची चाके रुतत, तर वैशाखात ऊन असे तापे की दुपारी वाटेवर माणूस दिसू नये. हिवतापाने खुद्द गांधीजींनाही १९३६ च्या सप्टेंबरात वर्ध्याच्या इस्पितळात नेऊन टाकले. साप तर नित्याचेच. त्यांस न मारता धरून दूर सोडावे असा आश्रमाचा नेम होता, आणि त्यासाठी केलेला लाकडी चिमटा व पेटी तेथे जपून ठेवलेली आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरात, २२ व २३ तारखांस, वर्ध्याच्या मारवाडी शिक्षणसंस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त देशातील शिक्षणतज्ज्ञ एकत्र आले. गांधीजींची सूचना अशी होती की, सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मातृभाषेतून सक्तीचे शिक्षण मिळावे, व ते एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या द्वारे मिळावे. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, कुमारप्पा हे तिचे सभासद होते. समितीने रोजच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे व्यवसायास दिली. मातृभाषेस चाळीस मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित यांस मिळून चाळीस, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस तीस, आणि व्यायाम व सुटी यांस दहा-दहा मिनिटे ठेवली. मुलांनी केलेला माल कारागिरांच्या पोटावर पाय देईल काय, अशी शंका समितीतील प्रो. के. टी. शहा यांनीच काढली होती. पुढे १९३८ साली काँग्रेसने योजनेस मान्यता दिली व हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन झाला.

या संघाचे सूत्रधार आर्यनायकम हेही वऱ्हाड-नागपुराकडचे नव्हते. ते सिंहलद्वीपातील जाफन्याचे तमिळ गृहस्थ. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांचे ते सहकारी होते आणि १९३० च्या रशियाच्या प्रवासात कविवर्यांबरोबर गेले होते. त्यांच्या पत्नी आशादेवी या बंगाली. त्याही समितीत होत्या. म्हणजे वर्ध्याच्या मुलांना सूत आणि अक्षर शिकविण्याचे कार्य ज्या दांपत्याने उभारले, त्यांपैकी कोणाचीही मातृभाषा मराठी नव्हती. साइक्सबाई ज्या घरात आल्या, ते पाहुण्यांनीच बांधलेले घर होते.

मार्जरी साइक्स यांचा जन्म १९०५ साली यॉर्कशायरमधील मेक्सबरो या कोळशाच्या खाणींच्या मुलखात झाला. वडील शाळामास्तर. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांस पदवीचे नुसते नाव देई. पदवीचे पूर्ण अधिकार १९४८ पर्यंत त्यांस मिळाले नाहीत. १९२८ साली त्या मद्रासच्या बेंटिंक मुलींच्या शाळेत शिकवावयास आल्या, आणि आल्या आल्या तमिळ शिकू लागल्या. येथेच क्वेकर पंथाशी आणि गांधीजींच्या विचारांशी त्यांचा परिचय वाढला. १९३९ साली त्या शांतिनिकेतनास गेल्या, आणि तेथे बंगालीही त्यांनी अशी आत्मसात केली की रवींद्रनाथांच्या ‘मुक्तधारा’, ‘नटीर पूजा’ व ‘चंडालिका’ या नाटकांची त्यांची इंग्रजी भाषांतरे १९५० साली प्रसिद्ध झाली. दीनबंधू अँड्र्यूज यांचे चरित्र त्यांनी बनारसीदास चतुर्वेदी यांच्यासह लिहिले. ते १९४९ साली निघाले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी भारताचे नागरिकत्व पत्करले. १९४९ ते १९५९ ही दहा वर्षे सेवाग्रामच्या शिक्षक-प्रशिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

वेळ मोठी अवघड होती. गांधीजी जाऊन वर्षही नुकतेच लोटले होते. नवे सरकार पंचवार्षिक योजनांच्या तयारीत गुंतले होते. प्रांतोप्रांतींचे शिक्षक सेवाग्रामास शिकावयास येत. कोणी हौसेने येई, कोणी खात्याचा हुकूम म्हणून. त्यांची भाषा, अन्न, जात, चालीरीती सर्व वेगळे. त्यांस एकत्र राहावयास लावणे हाच प्रशिक्षणाचा पहिला पाठ होता. पहाटे प्रार्थना, मग सफाई. स्वयंपाक, दळण, शेत, सूत यांच्या पाळ्या. रात्री पुन्हा प्रार्थना. पायखाने साफ करण्याची पाळी सर्वांस सारखी. ज्या शिक्षकाने जन्मात कधी स्वतःचे ताट उचलले नव्हते, त्याच्या हाती मैल्याची बादली आली म्हणजे त्याचे मन काय म्हणत असेल, याची कल्पना शहरातील वाचकांस सहज येईल. हे काम जातीवर सोपविण्याची आपली रूढी शेकडो व्याख्यानांनी हलली नव्हती. पाळीच्या फळ्यावर आपले नाव ब्राह्मणाच्या व हरिजनाच्या नावांमध्ये लिहिलेले पाहून ती थोडी तरी हले.

भाषेचा प्रश्नही होताच. गावातील मुलांच्या तोंडी वऱ्हाडी वळणाची मराठी, प्रशिक्षणाचा व्यवहार हिंदुस्तानीतून, आणि बाईंच्या गाठीस तमिळ व बंगाली. इंग्रजीने सर्वांचे काम भागले असते. परंतु इंग्रजी येणारे व न येणारे अशा दोन पंक्ती लगेच पडल्या असत्या. ज्यास परक्या भाषेत अडखळावे लागले आहे, त्याला अडखळणाऱ्या मुलाची स्थिती लौकर उमगते. परदेशी शिक्षकाच्या अंगचा हा एक गुणच म्हटला पाहिजे.

व्यवसायातून विद्या कशी निघते, हे एका उदाहरणाने दाखविता येईल. वर्धा-हिंगणघाटचा मुलूख कापसाचा. पावसाळ्याच्या आरंभी सरकी पेरावी, दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू व्हावी, मग सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे आणि सूत. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. मुलाने एक गुंडी पुरी केली म्हणजे त्याने २,५६० फूट सूत काढले. अर्ध्या मैलाला केवळ ऐंशी फूट उणे. येथे गुणाकार झाला. तेवढ्या सुतास कापूस किती लागला, वाया किती गेला, यात प्रमाण व शेकडेवारी झाली. पाऊस कोठून येतो, काळी माती पाणी का धरून ठेवते, हे विज्ञान झाले. आणि हाच कापूस मँचेस्टरास जाऊन धोतरजोडा होऊन परत का येई, हा इतिहास झाला. या रीतीस ‘समवाय’ म्हणत. ती चालविण्यास पाठ्यपुस्तकाच्या शिक्षकाहून अधिक व्यासंगी शिक्षक लागतो, आणि ही योजना पुढे ढासळली त्याचे एक मोठे कारण तेच. पुष्कळ ठिकाणी टकळी राहिली आणि समवाय नाहीसा झाला.

तथापि सर्वांत कठीण प्रश्न आईबापांचा होता. या पद्धतीच्या शाळांविषयी देशभर हाच प्रश्न विचारला जाई : साहेबाच्या, वकिलाच्या मुलाच्या हाती पुस्तक आणि शेतमजुराच्या मुलाच्या हाती टकळी, हा कोठला न्याय? ज्यास नोकरी हवी त्यास इंग्रजी हवे, दाखला हवा; आणि उत्तर बुनियादी शिकून बाहेर पडणाऱ्यांस विद्यापीठांचे दरवाजे सहजी उघडत नसत. केंब्रिजात शिकलेल्या बाईंनी खेड्यातील मुलांस दाखल्यावाचूनच्या विद्येचे महत्त्व सांगावे, यात विसंगती आहे असे कोणास वाटल्यास त्यास दोष देता येणार नाही. इतकेच म्हणता येईल की, विद्या पुरती घेऊनही दाखला अपुरा मिळणे म्हणजे काय, हे न्यूनहॅमच्या विद्यार्थिनीस माहीत होते.

परंतु या प्रश्नाचे खरे उत्तर सेवाग्रामकडे मागून चालणार नाही. मूळ योजना केवळ खेड्यासाठी कधीच नव्हती. ती शहर व खेडे, श्रीमंत व गरीब, सर्वांच्या मुलांसाठी होती. शहरातील सुशिक्षित घरांनी ती आपल्या मुलांसाठी पत्करली नाही. सरकारने ती राष्ट्रीय पद्धती म्हणून जाहीर केली आणि अधिकाऱ्यांची मुले जुन्याच शाळांत जात राहिली. सर्वांनी मिळून घ्यावयाचे औषध एकट्या गरिबास पाजले म्हणजे त्यास ते शिक्षा वाटणारच. मजुराच्या घरचा तो आक्षेप म्हणूनच रास्त होता, आणि त्याचे देणे ज्यांच्याकडे निघते ती घरे शहरात होती. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द पुढे केला. ‘बुनियादी’ हे नाव हळूहळू मागे पडले.

१९५९ साली बाईंनी सेवाग्राम सोडले आणि त्या निलगिरीतील कोटागिरीस गेल्या. १९६४ पासून काही वर्षे नागालँडातील शस्त्रसंधीवर देखरेख करणाऱ्या शांतिनिरीक्षकांत त्या होत्या. नंतर होशंगाबादजवळ रसुलिया येथील क्वेकरांच्या ग्रामकेंद्रात त्यांनी काम केले. सेवाग्रामच्या पन्नास वर्षांच्या शिक्षणप्रयोगाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला. तो १९८८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. १९९५ च्या ऑगस्टात इंग्लंडात त्यांचा अंत झाला.

सेवाग्रामची ती शाळा मध्यंतरी बंद पडली होती. २००५ साली ‘आनंद निकेतन’ या नावाने ती पुन्हा सुरू झाली. शेती, सूत आणि स्वयंपाक यांच्या द्वारे तेथे मराठीतून शिक्षण दिले जाते. साइक्सबाईंनी शिक्षकांना पाळीच्या फळ्यापासून आरंभ करावयास लावले, त्याच भूमीवर मुले आजही आपले अंगण आपण झाडतात.