नाट्यपद कुणाचं?

परवा कोडोलीत चहाच्या टपरीवर वाद पेटला. एक मित्र म्हणाला, "नाट्यपदं आमची, कव्वाली तुमची." मी विचारलं, मग ख्याल कुणाच्या वाटणीला?

'संगीत मानापमान' रंगभूमीवर आलं १९११ साली. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे कोल्हापूरचे, अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्याचे वेडे भक्त. आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. त्याच नाटकातलं 'चंद्रिका ही जणू' पुढं मिरजेच्या अब्दुल करीमखाँनी ध्वनिमुद्रिकेसाठी गायलं. किराण्याच्या सुरातलं ते मराठी पद ऐका आणि मग वाटण्या करा. (मला स्वतःला नाट्यपदांतल्या ताना जरा जास्तच होतात, पण इथं नाही.)

दुसऱ्यानं विचारलं, "गाण्यावरच रचलेलं गाणं असतं का रे?" असतं की! भातखंड्यांची लक्षणगीतं. रागाचे स्वर, वादी-संवादी, गायची वेळ, सगळं शब्दांतच. हे भातखंडे गावोगाव फिरून उस्तादांकडून चिजा मिळवत. रामपूरच्या वझीरखाँचे तर ते शागीर्द झाले.

"ते खरं, पण कव्वाली तुमचीच," मित्र अडून बसला. मी मोबाइलवर करीमखाँ लावले. चहा निवला, तरी कुणी उठलं नाही.