हांसजारू
बंगाली लेखक-चित्रकार सुकुमार राय (1887–1923) यांनी कल्पिलेला संकरप्राणी. बदक आणि साळिंदर यांचा मिळून एक जीव. ‘आबोल ताबोल’ (1923) या संग्रहातील ‘खिचुडी’ कवितेत तो आहे आणि त्याचे चित्रही रायांचेच. घडण खरी शब्दात आहे: ‘हांस’चा (बदक) शेवटचा ‘स’ हाच ‘सजारू’चा (साळिंदर) पहिला, सांधा दिसतच नाही. बगळा-कासवाचा ‘बकच्छप’ तसाच. हत्ती-देवमाशाच्या ‘हातिमी’त मात्र मन दुभंगते: त्यातल्या देवमाशाला पाणी हवे, हत्तीला जंगल. आपल्या गडांच्या दारांवरचा शरभ हाही संकरप्राणी, पण तो दरारा बसवतो. रायांचे हे जीव लळा लावतात.  ते कोलकात्यात कागदावर जन्मले. रायांच्या मृत्यूनंतर नऊ दिवसांनी पुस्तक आले.