तांब्याचा बंब : न्हाणीघरांतील एका यंत्राचा इतिहास

फैजपूरचें नांव देशभर झालें तें १९३६ सालच्या डिसेंबरांत. खेडेगांवीं भरलेलें राष्ट्रसभेचें तें पहिलें अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या गांवच्या साध्या साहित्यांतून तेथील नगर सजविलें होतें. त्या सभेचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. ज्या महिन्यांत ती भरली त्या महिन्यांतील फैजपूरच्या पहांटेचा मात्र कोणी लिहीत नाहीं. खानदेशचा उन्हाळा सर्वांस ठाऊक असतो. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यांत मार्गशीर्ष-पौषाचा गारठा असा पडतो कीं केळीचीं पानें पिवळीं होतात व झाडाची वाढ खुंटते. ज्या थंडीपुढें केळीचे मळे हात टेकतात, तींत माणसानें भल्या पहांटे अंगावर पाणी घ्यावयाचें म्हणजे ऊन पाणी ही चैन राहत नाहीं.

तें पाणी पूर्वीं चुलीवरच्या हंड्यांत तापे. ही रीत जुनी, पण खर्चाची. जाळ लागे तो हंड्याच्या बुडाला. उरलेली ऊब भांड्याच्या कडेनें वर निघून जाई आणि भिंत काळी करी. शिवाय उकळता हंडा उचलून न्हाणीपर्यंत न्यावा लागे, घंगाळांत ओतावा लागे, मग त्यांत विसण घालावें लागे. हें सारें काम घरांतील बायकांकडे. त्यांतील किती हात भाजले याची नोंद कोणत्याहि बखरींत सांपडणार नाहीं.

या खटाटोपांतून सुटका केली ती बंबानें. 'बंब' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'बोंबा'वरून, म्हणजे पाणी उडविण्याच्या पंपावरून, आपल्याकडे आला असें मानतात. आग विझविणाऱ्या गाडीला आपण आगीचा बंब म्हणतों तो हाच शब्द. आग विझविणारा व आग पोटांत बाळगणारा, दोघांसहि एकच नांव पडावें, ही भाषेची गंमतच म्हणावयाची. रचना अगदीं सुबोध आहे. बाहेरून तांब्याचें उभें पिंप. त्याच्या मधोमध खालून वर गेलेली तांब्याची नळी. नळीच्या तळाशीं जाळी, जाळीखालीं राखेची जागा. नळीभोंवतीं पाणी, आणि बाहेर तोटी. सरपण वरून टाकावयाचें, वारा खालून येतो. जाळ पाण्याच्या खालीं नसून पाण्याच्या पोटांत असतो, म्हणून त्याची बहुतेक ऊब पाण्यालाच मिळते.

रशियांत तुला शहरीं अठराव्या शतकापासून होणारा समोवार याच तत्त्वाचा. तिकडे त्यांत चहाचें पाणी, इकडे स्नानाचें, एवढाच फरक. इंग्लंडांत १८२९ सालीं स्टीफन्सनच्या 'रॉकेट' इंजिनानें शर्यत जिंकली तेव्हां त्याच्या बॉयलरांत एका मोठ्या नळीऐवजीं तांब्याच्या २५ बारीक नळ्या होत्या. जाळ व पाणी यांची भेट जितकी अधिक जागीं, तितकी वाफ लवकर. १८५३ सालीं मुंबई-ठाणें गाडी सुरू झाली, पुढें लोहमार्ग खानदेशांत येऊन फैजपूरशेजारचें भुसावळ इंजिनांचें मोठें ठाणें बनलें. तेथें बॉयलराची राख काढणाऱ्या माणसाला घरच्या बंबाची राख कां काढावयाची हें कोणी शिकवावें लागलें नसेल. यावरून बंब हा आगगाडीचा वंशज ठरत नाहीं. दोघांचें तत्त्व एक, इतकेंच.

बंब घडविणारा तो तांबट. पुण्याची तांबट आळी पेशवाईपासून या धंद्याची. पत्रा ठोकून ठोकून त्यावर गोल खुणांची नक्षी उठवितात, तिला मठारकाम म्हणतात. ती केवळ शोभा नव्हे. ठोक्यांनीं तांबें कठीण होतें व पातळ पत्राहि पाण्याचें ओझें पेलतो. पत्र्याच्या कडांना दाते पाडून ते एकांत एक गुंतवितात व वर डाग देतात. स्वयंपाकाच्या भांड्यांप्रमाणें बंबाला कल्हई लागत नाहीं. त्याचीं दुखणीं निराळीं, आणि वैद्यहि निराळा.

पहिलें व सर्वांत घातक दुखणें म्हणजे कोरडा जाळ. तांबें वितळावयास १०८५ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. कथील-शिशाचा डाग दोनशे अंशांच्या आगेमागें पाणी होतो. नळीभोंवतीं पाणी आहे तोंवर तांबें शंभर अंशांच्या फारसें वर जात नाहीं आणि सांधे शाबूत राहतात. पाणी संपलें, तोटी उघडी राहिली, आणि आंत निखारे धगधगत असले, कीं कांहीं मिनिटांत कच्चा सांधा सुटतो. म्हणूनच आधीं पाणी मग काडी, हा क्रम घरांतील लहान मुलालाहि ठाऊक असे.

दुसरें दुखणें हळूहळू येतें. विहिरीच्या जड पाण्यांत चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलें कीं ते सुटून नळीच्या अंगावर पांढरट कवच धरतात. मग सरपण तेंच, वेळ मात्र दुप्पट लागतो, आणि बंब आंतून खदखदूं लागतो. कवचाखालीं अडकलेल्या वाफेचा तो आवाज. अनाडी माणूस अशा वेळीं जाळ वाढवितो. जाणता माणूस बंब थंड करून त्यांत चिंचेचें पाणी भरतो, कवच मऊ पडलें कीं खळबळून काढतो. छिनीनें खरवडणें म्हणजे नळीला भोंक पाडणेंच. आगीच्या बाजूस काजळी धरते. खानदेशांत जळण मुख्यतः पऱ्हाट्यांचें. त्या भडकन पेटतात, भरकन विझतात व धूर पुष्कळ करतात. काठीला काथ्याचा कुंचा बांधून आठ-पंधरा दिवसांनीं नळी झाडली नाहीं तर बंब धुमसूं लागतो, आणि दोष उगीच ओल्या सरपणाला मिळतो. तोटी गळूं लागली तर तिची चावी काढून विटकरीची बारीक पूड व तेल लावून घांसतात, पुन्हां बसते. वरचें झांकण मात्र कधींहि आवळून बंद करूं नये. वाफेला वाट ठेवली नाहीं तर ती स्वतःच वाट काढते.

याहून मोठा धोका बंबाच्या नव्हे, न्हाणीघराच्या बांधणींतून आला. जुनी न्हाणी परसांत उघडी असे. पुढें ती घरांत आली, तिला दार आलें, खिडकी लहान झाली. अशा खोलींत कोळशाचा बंब धुमसत ठेवला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायु सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणूस गुंगींतच जातो. बंबाचे दिवस ओसरले तरी हा वायु गेलेला नाहीं. कोंदट न्हाणीघरांत लावलेल्या गॅसच्या गीझरनें आजहि असेच मृत्यु होतात. धुराला बाहेर वाट हवी, हें ज्ञान मात्र जुन्या बंबाबरोबर अडगळींत गेलें.

तांब्यामागून जस्ताच्या मुलाम्याचा लोखंडी पत्रा आला, मग विजेचा गीझर, आतां छपरांवरचे सूर्यबंब. समुद्रावरच्या शिडाच्या नौकांत तर इंजिनाचें ऊन झालेलें पाणी नळीनें टाकींत फिरवून स्नानाचें पाणी तापवितात. तेथेंहि क्षाराचें कवच, गळती व कोरडें तापणें हींच दुखणीं निघतात. जुने बंब पुष्कळ घरांतून मोडीच्या भावानें वजनावर गेले. कांहीं श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत शोभेला उभे आहेत. कोठें कोठें मात्र नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं अजूनहि राख काढली जाते, नळी झाडली जाते, बंब कांठोकांठ भरला जातो, आणि उटणें वाटून होईपर्यंत जाळीवर पऱ्हाट्या रचून तयार असतात.